पेरू पाडायची काठी

कोलकात्यात बालीगंज भागात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. घरातले आजोबा पन्नासच्या दशकात एका इंग्रज कंपनीत नोकरीला म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आजोबा आता नाहीत. आजी आहेत, मुलगा-सून आहेत, आणि मागच्या अंगणात एक पेरूचे झाड आहे. गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त कोलकात्याला गेले तेव्हा दोन दिवस या घरी मुक्काम होता.

दाराआड छत्र्या ठेवायचे पितळी नळकांडे. त्यात तीन छत्र्या, आजोबांची फिरायला जायची काठी आणि आणखी एक विचित्र वस्तू. लांब, सरळ लाकडी दांडा आणि टोकाला तिरपे बसवलेले लोखंडी पाते. आजी तिने पेरू पाडतात. पात्याच्या कडेला देठ अडकवायचा आणि हलकासा झटका द्यायचा! चाळीस वर्षांच्या सरावाने त्यांचा नेम इतका पक्का झाला आहे, की पेरू बरोबर पदरात पडतो.

मी ती काठी सहज हातात घेतली. पात्याच्या मागच्या बाजूला गंज साचला होता. बोटाने चाचपले तर काहीतरी कोरलेले लागले. चष्मा लावून उजेडात पाहिले, तर धूम्रपानाचा छोटासा पाइप! त्याखाली पुसट अक्षरे. मला गोल्फमधले ओ की ठो कळत नव्हते. पण आपल्याकडे नाही का, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात? तसेच हे कुणाचे तरी नाव असणार, एवढे कळले. त्या पाइपचा माग काढता काढता हा लेख झाला.

तो पाइप म्हणजे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या टॉम स्टुअर्ट या लोहाराची खूण. गोल्फची लोखंडी पाती घडवण्यात त्याच्या कारखान्याचा मोठा लौकिक होता. अशी खूण प्रत्येक नामांकित कारागिराची असे. कुणाचा तारा, कुणाचा हाताचा पंजा, कुणाचा बाण. आज जगभरचे संग्राहक काठीची किंमत करण्याआधी भिंग घेऊन ही खूण शोधतात.

आजींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले, त्याने मलाच हळहळ वाटली. साठच्या दशकात विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने आजोबांना आपली गोल्फची अख्खी पिशवी भेट दिली होती. आजोबा कधी गोल्फ खेळले नाहीत. नाही कसे म्हणायचे, म्हणून घेतली. पिशवीत नऊ-दहा काठ्या होत्या. दोन मुलांनी हॉकी खेळून मोडल्या. १९७८ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी शिरले, पिशवी कुजली, आणि उरलेले लोखंड आजींनी गल्लीतून जाणाऱ्या बिक्रीवाल्याला वजनावर देऊन टाकले. आपल्याकडचा भंगारवाला तो तिकडचा बिक्रीवाला. त्यातली एक काठी त्यांना चांगली आठवते. तिच्या पात्याला चक्क फणीसारखे दात होते. मुले त्या फणीने एकमेकांचे केस विंचरण्याचे नाटक करीत.

ती फणी काय असावी, ते पुढे येईलच.

आधी एक खुलासा. गोल्फच्या काठीला इंग्रजीत क्लब म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या संस्थेलाही क्लबच म्हणतात. वाचकांचा गोंधळ नको, म्हणून इथे काठीला काठी आणि संस्थेला क्लब म्हटले आहे.

डमडमचे साहेब

गोल्फच्या जुन्या काठ्या कोलकात्यातच का सापडाव्यात? कारण हा खेळ स्कॉटलंड-इंग्लंडच्या बाहेर पडून पहिल्यांदा जिथे रुजला आणि टिकला, त्या जागांत कोलकात्याचा मान पहिला आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ ची. लॉर्ड बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला ते हेच वर्ष. पुण्यात पेशवाई बुडून अवघी अकरा वर्षे झाली होती. अमेरिकेत तेव्हा गोल्फचा एकही क्लब नव्हता. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून आजही याचेच नाव घेतात.

सुरुवातीला त्याचे नाव डमडम गोल्फिंग क्लब. डमडमला कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी होती. आज आपण ज्या भागात विमानातून उतरतो, तिथे तेव्हा लाल कोटातले साहेब चेंडू टोलवीत असत. पुढे खेळ शहराच्या मध्यावर मैदानात आला आणि १९१० च्या सुमारास दक्षिणेला टॉलीगंजला स्थिरावला. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात आले, तेव्हा नावामागे 'रॉयल' लागले. टॉलीगंजच्या आसपास आज गोल्फ ग्रीन, गोल्फ गार्डन अशी वस्त्यांची नावे आहेत. तिथे राहणाऱ्या हजारो बंगाली कुटुंबांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसेल, पण पत्त्यात मात्र गोल्फ आहे!

बायकाही मागे नव्हत्या. मैदानातला लेडीज गोल्फ क्लब १८९१ चा. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, भारतातील हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा कोलकात्यात सुरू झाली. आपल्या मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला होता. तो पुढे बंद पडला. आज चेंबूरला जे हिरवे मैदान दिसते तो बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, म्हणजे बराच अलीकडचा.

सांगायचा मुद्दा हा, की १८२९ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फच्या काठीने जी जी रूपे घेतली, ती बोटीने हुगळीच्या धक्क्यावर उतरत होती. साहेब बदलून येत होते, परत जात होते. सामान मागे राहत होते. स्वातंत्र्यानंतर तर घरेच्या घरे रिकामी झाली. रसेल स्ट्रीटवरच्या लिलावघरांत पियानो, झुंबरे, चिनी मातीची भांडी आणि शिकारीतली शिंगे यांचे ढीग लागले. त्यातले रसेल एक्सचेंज १९४० पासून आहे आणि तिथल्या रविवारच्या लिलावाला जाणे हा कोलकातावासीयांचा एक छंदच होऊन बसला आहे.

सुताराची करामत

१८२९ मध्ये डमडमला जी काठी आली असेल, ती आजींच्या काठीसारखी नव्हती. तेव्हाच्या बहुतेक काठ्या पूर्ण लाकडी असत. डोके सफरचंद, नासपती किंवा बीचच्या लाकडाचे. आकार लांबोळा, पुढे निमुळता, बगळ्याच्या मानेसारखा. दांडा वेगळ्या लाकडाचा. दोन्ही तुकडे तिरके तासून एकमेकांवर बसवायचे, सरस लावायचा आणि डांबर लावलेल्या दोऱ्याने आवळून गुंडाळायचे. डोक्याच्या पाठीत खाच करून शिसे ओतायचे, म्हणजे वजन येते. तळाच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवायची, म्हणजे जमिनीवर घासून लाकूड फाटत नाही. मुठीला मेंढीचे कातडे. एका काठीत सुतार, चांभार आणि ओतारी असे तिघेही आले!

दांड्याला पुढे अमेरिकेतील हिकरीचे लाकूड आले. हे अक्रोडाच्या कुळातले झाड. चिवट, आणि वाकून पुन्हा सरळ होणारे. डोक्याला पर्सिमनचे लाकूड आले. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा अमेरिकन भाऊ. ज्या टेंभुर्णीच्या पानात आपण विड्या वळतो, तिच्या भावाने विलायतेत साहेबांचे चेंडू टोलवले.

चेंडू तर आणखी नवलाचा. कातड्याची छोटी पिशवी शिवायची आणि तिच्यात उंच हॅट भरेल इतकी हंसाची उकडलेली पिसे ठासून भरायची. वाळताना पिसे फुगतात, कातडे आकसते आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. निष्णात कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करी. त्यामुळे चेंडू महाग. त्याला लोखंडी पात्याने मारणे म्हणजे पैसे फाडणेच. म्हणून त्या काळी लोखंडी काठी पिशवीत एखाद-दुसरीच असे. चेंडू बैलगाडीच्या चाकोरीत अडकला तरच ती बाहेर निघे. चाकोरीतून चेंडू काढायच्या या काठीचे पाते लहान, गोल आणि जाड, पळीसारखे. गावचा लोहार घोड्याचे नाल ठोकता ठोकता ते घडवी. आज संग्राहक त्या ओबडधोबड पळीसाठी जीव टाकतात.

विष्णूची मूर्ती आणि झाडाचा चीक

मग चेंडू बदलला. त्याची एक कथा सांगतात. १८४० च्या दशकात सेंट अँड्र्यूजमधील पॅटरसन नावाच्या कुटुंबाला पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा चीक. गरम पाण्यात टाकला की मऊ, गार झाला की कडक. घरातल्या मुलाने त्याचा आधी बुटाला तळ लावला आणि मग चेंडू वळून पाहिला. कथेच्या तपशिलाबद्दल जाणकारांत वाद आहेत. पण १८४८ च्या आसपास गटापर्चाचे चेंडू बाजारात आले, ही गोष्ट खरी.

पिसांच्या चेंडूवर पोट असणाऱ्यांचे धाबे दणाणले. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्यातला सर्वांत नावाजलेला कारागीर आणि टॉम मॉरिस हा त्याच्या हाताखालचा. एके दिवशी मॉरिस नव्या चेंडूने खेळताना दिसला आणि त्यावरून दोघांची जोडी फुटली, असे सांगतात. आपल्याकडे कापडगिरण्या आल्या तेव्हा विणकरांच्या घरांत जे झाले असेल, तेच तिथेही झाले.

नवा चेंडू स्वस्त होता, पण कठीण होता. त्याच्या टोल्याने लांब नाकाची नाजूक लाकडी डोकी तडकू लागली. डोके आखूड आणि जाड झाले, पुढच्या बाजूला चामड्याचा तुकडा बसू लागला. लोखंडी पात्यांना तर सुगीच आली. १८९८ मध्ये अमेरिकेत रबराचा धागा गुंडाळलेला चेंडू निघाला आणि पुन्हा सगळे बदलले.

फणी, कालथा आणि रविवारची काठी

संग्राहकांचा खरा खजिना आहे तो याच काळातला. १८९० ते १९३० या चाळीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत काठीच्या नवनव्या रचनांचे शेकडो पेटंट निघाले. प्रत्येक शोधकाला वाटे, आपण खेळाडूचे दुखणे ओळखले आहे.

आता आजींची फणी. स्कॉटलंडमधील माँट्रोझ गावच्या जेम्स ब्राऊन याने १९०५ मध्ये भोके आणि फटी पाडलेल्या पात्यांचे पेटंट घेतले. त्याच्या काही काठ्यांच्या पात्याला खालच्या बाजूने खरोखरच दाते असतात. कल्पना साधी होती. चेंडू वाळूत किंवा उथळ पाण्यात पडला, की भरीव पात्यासमोर वाळू किंवा पाणी आडवे येते आणि जोर वाया जातो. पात्यातच फटी ठेवल्या, तर पाणी त्यातून निघून जाईल आणि टोला चेंडूला बसेल. आपल्या घरातला झारा नाही का, तेल खाली सोडून भजी तेवढी वर काढतो? तेच तत्त्व.

कोलकात्यात ही काठी यावी यात मला नवल वाटत नाही. इथली जमीन सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही. खेळाडूची वाट अडवायला इथे असतात ती पाण्याची तळी, बंगालीत ज्यांना पुकुर म्हणतात. रॉयल कलकत्ताचे मैदान या तळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. एखाद्या साहेबाने तळ्याकाठच्या उथळ पाण्यात वारंवार चेंडू घालवून, वैतागून विलायतेहून झारा मागवला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. झाऱ्याने त्याचे किती चेंडू वाचवले, ही गोष्ट निराळी. खेळाडूंच्या पसंतीला ही काठी फारशी उतरली नाही. म्हणून ती थोडी विकली गेली, म्हणून ती दुर्मीळ झाली आणि म्हणूनच आज तिच्या अस्सल नगाला हजारो डॉलर मिळतात. ज्या काठीने खेळात मार खाल्ला, तीच लिलावात भाव खाते!

आणखी नमुने पाहा. एडिंबरोच्या अर्कर्ट याने अशी काठी केली, की एकाच पात्याचा कोन कळ दाबून बदलता येई. दहा काठ्यांचे ओझे नको, एकीत सगळे. डावखुऱ्यालाही ती चाले. कागदावर ही कल्पना झकास. पण टोला मारल्यावर आतला सांधा खिळखिळा होत असणार, हे कोणताही फिटर सांगेल. विसाच्या दशकात एक राक्षसी पाते निघाले. ते इतके मोठे होते, की हलवायाने जिलबीच्या कढईत वापरावे. वाळूतून चेंडू काढायला हा कालथा. काहींनी लोखंडी पात्यात लाकडाचा तुकडा बसवला, काहींनी दांडा पात्याच्या मधोमध घातला.

माझी सर्वांत आवडती मात्र रविवारची काठी. जुन्या स्कॉटलंडमध्ये रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी गोल्फ निषिद्ध. मग सभ्य गृहस्थ चर्चहून येताना हातात फिरायची काठी घेई. फक्त तिची मूठ छोट्या गोल्फच्या पात्यासारखी घडवलेली असे. रस्त्यात कुणी नाही असे पाहून काठी उलटी धरायची, खिशातून चेंडू काढायचा आणि दोन-चार टोले हाणून घ्यायचे. उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात गुपचूप बेसनाचा लाडू खाणारे आजोबा आणि हे गृहस्थ, दोघे एकाच गोत्रातले!

बंदी घातलेल्या काठीला विशेष मोल असते. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे इंजिनियर होते. छिद्राजवळ आल्यावर चेंडू हळूच ढकलायला जी काठी लागते, ती त्यांनी ॲल्युमिनियमची केली आणि दांडा कडेला न बसवता जवळजवळ मध्यावर बसवला. १९०३ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकेचा खेळाडू ती काठी घेऊन इंग्लंडला सँडविचला गेला आणि ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकून परत आला. अमेरिकेहून आलेल्या कुणी ते तोवर जिंकले नव्हते. ब्रिटिशांना हे झोंबले. काही वर्षांनी, १९१० मध्ये, अशा रचनेच्या काठ्यांवर सेंट अँड्र्यूजने बंदी घातली. पराभवाचा राग काठीवर काढला असे अमेरिकन म्हणत, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असे मला वाटत नाही. अमेरिकेत ती काठी चालूच राहिली. ब्रिटनमध्ये बंदी उठायला सुमारे चाळीस वर्षे लागली.

बॉबी जोन्सचीही अशीच एक गोष्ट. १९३० मध्ये होयलेकच्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या फेरीत त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अवघड जागी पडला. त्याने खोलगट, चमच्यासारख्या पात्याची काठी काढली, चेंडू छिद्राजवळ आणला आणि स्पर्धा जिंकली. त्या वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा मारल्या. पुढच्या वर्षी त्या चमच्यावर बंदी आली.

नावे गेली, नंबर आले

मग पोलादी दांडा आला आणि हिकरीचे दिवस भरले. अमेरिकेने तो आधीच मान्य केला होता. ब्रिटिशांनी १९२९ मध्ये मान्यता दिली. प्रिन्स ऑफ वेल्सच पोलादी दांड्याने खेळताना दिसले, मग करता काय! कारखान्यात एकसारख्या काठ्यांचे संच निघू लागले. मॅशी, निब्लिक, क्लीक, स्पून ही जुनी नावे जाऊन एक, दोन, तीन असे नंबर आले. काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बाळगू लागले, तेव्हा १९३८-३९ मध्ये चौदाची मर्यादा घालावी लागली. लोहाराचा पाइप आणि पंजा इथेच संपला.

ती पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या माणसाबद्दल मात्र या सगळ्या पुस्तकी इतिहासात फारसे लिहिलेले नसते. कोलकात्याच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या कॅडींनी साहेबांच्या पिशव्या वाहिल्या आणि माळ्यांनी हिरवळ राखली. तुटलेल्या, टाकून दिलेल्या काठ्यांवर त्यांच्या मुलांनी हात बसवला. एस. एस. पी. चौरसिया हा त्यांतलाच. वडील रॉयल कलकत्तात हिरवळीची निगा राखणारे. मुलगा बघून बघून शिकला. २००८ मध्ये दिल्लीला त्याने इंडियन मास्टर्स जिंकली, २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ दोनदा इंडियन ओपन. संग्राहक ज्या काठीला मोडकी म्हणून बाजूला सारतील, तशीच एखादी त्याच्या हाती पहिल्यांदा आली असेल.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

जगात या छंदाचा पसारा केवढा आहे! अमेरिकेत १९७० मध्ये गोल्फ संग्राहकांची संस्था निघाली, ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये. सेंट अँड्र्यूजला १९९० पासून गोल्फचे वस्तुसंग्रहालय आहे. हल शहरातील एका घराच्या बंद कपाटात १७४१ च्या वर्तमानपत्रासह आठ अतिप्राचीन काठ्या सापडल्या होत्या. या छंदात ते कपाट म्हणजे पंढरीच. २००७ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री एलिस या नामवंत अमेरिकन संग्राहकाच्या काठ्यांचा लिलाव झाला. त्यात अठराव्या शतकातील अँड्र्यू डिक्सन या कारागिराच्या लांब नाकाच्या एका काठीला १,८१,००० डॉलर आले. त्या वेळच्या दराने सत्तर लाख रुपयांच्या वर.

हे वाचून वाचकांनी लगेच माळ्यावर चढू नये. चढलात तरी काही गोष्टी ध्यानात ठेवा. दांडा लाकडी दिसला म्हणून हुरळू नका. तिशीच्या दशकात पोलादी दांड्यांना लाकडासारखा रंग देत असत. चुंबक लावून पाहा. चिकटला तर लाकूड नव्हे. पात्यावर नंबर असेल किंवा चकचकीत मुलामा असेल, तर काठी बहुधा अलीकडची. पात्याचा दर्शनी भाग अगदी गुळगुळीत, रेघा-ठिपके नसलेला असेल, तर ती विसाव्या शतकाच्या आरंभीची किंवा त्याआधीची असू शकते. पण जुनी म्हणजे मौल्यवान असे समीकरण नाही. हिकरीच्या साध्या लोखंडी काठ्या लाखोंनी निघाल्या होत्या. त्यांना दोन-चार हजार रुपयांपलीकडे भाव नाही. विचित्र रचना, नामांकित खूण आणि मूळ अवस्था या तिन्हींचा योग आला, तरच घबाड.

मूळ अवस्था हा शब्द अधोरेखित करते, कारण आपल्या घराघरांतल्या स्वच्छतेच्या आवडीला तो मानवणारा नाही. चिंच-मीठ लावून पाते लख्ख केलेत, पॉलिश कागदाने दांडा घासलात, नवे कातडे चढवलेत, तर किंमत धुऊन गेली म्हणून समजा. सैल गंज कोरड्या फडक्याने पुसावा, दांड्याला जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा, एवढेच. कोलकाता असो की कोकण, दमट हवेत वाळवीवर मात्र डोळा ठेवावा लागतो.

खरेदी करणाऱ्यांनी तर दुप्पट सावध असावे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात कालच्या पितळेला आज शंभर वर्षांचे करून विकणारे कलाकार आहेत. काठ्याही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. मुद्दाम आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो. खरी काठी मुठीपाशी आणि टोल्याच्या जागी झिजलेली असते, इतरत्र नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिलावघरात कुणी आपणहून सांगत नाही. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक किंवा कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. १९०५ ची फणी आज या वयाच्या रेषेपलीकडे गेली आहे. म्हणजे आजींची फणी वाचली असती आणि एखादा अमेरिकन संग्राहक डॉलर घेऊन दारात उभा राहिला असता, तरी आधी पुरातत्त्व खात्याचे मत घ्यावे लागले असते. परदेशी विकणे हाच एक मार्ग असतो असेही नाही. क्लबच्या भिंतीवर, एखाद्या संग्रहालयात, निदान घरातच नीट ठेवून मागे चार ओळींचा कागद चिकटवला, की ही कुणाची, कधी आली, तरी पुढच्या पिढीला पुरेसे होते. साहेबाचे नाव आजींना आठवत नाही. 'मोठ्या मिशांचा होता' एवढेच त्या सांगतात.

निघायच्या दिवशी सकाळी मी टॉम स्टुअर्टच्या काठीला जवसाचे तेल लावून ती छत्र्यांशेजारी ठेवली. नातवाने चिठ्ठी लिहून दांड्याला दोऱ्याने बांधली. आता हिने पेरू पाडू नका, असे त्याने आजीला बजावलेही. आजींनी चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली. दुपारी मी टॅक्सीत सामान ठेवत होते तेव्हा गल्लीत बिक्रीवाल्याची आरोळी आली. मागे वळून पाहिले, तर आजी अंगणात झाडाखाली उभ्या. हातात तीच काठी, चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती, आणि वरचा पिकलेला पेरू देठासकट हलत होता.